तुझी रुई, माझी रुई

लष्कर, ग्वाल्हेर
गुढीपाडव्यानंतरचा रविवार

प्रिय शालू,

तुझा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, "बघ, आपली ग्वाल्हेरची रुई दापोलीतही भेटली." मी तो मोठा करून करून पाहिला आणि ठरवलं, याचं उत्तर फोनवर दोन ओळींत द्यायचं नाही. शालू, ती आपली रुई नव्हे. तिची सख्खी बहीण आहे, पण वेगळी.

रथसप्तमीची पहाट आठवते ना? आजी आपल्याला सात पानं आणायला पिटाळायची आणि आपण काकडत मांढरेच्या मातेच्या टेकडीखाली जायचो. मग ती पानं डोक्यावर, खांद्यांवर, गुडघ्यांवर ठेवून अंघोळ. शनिवारी मारुतीची माळही आपणच ओवायचो. इतकी वर्षं पानं तोडली, पण फूल कधी हातात घेऊन नीट पाहिलं नाही. देवाला पानं लागत, म्हणून आपल्याला पानंच माहीत. आणि फसगत होते ती पानांमुळेच, कारण दोघींची पानं जवळपास सारखी असतात. समोरासमोर, जाड, देठ जवळजवळ नाहीच, बुडाशी खोडाला कवळून बसलेली, अंगावर पांढुरकी लव.

आता फोटो पुन्हा उघड आणि कळी बघ. तुझ्या झाडाची कळी लांबट आणि कोनेदार आहे. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या पसरून मागे वळल्यात आणि रंग सगळा फिकट जांभळा. ही कॅलोट्रॉपिस जायगँटिया. आमच्याकडे उगवते ती कॅलोट्रॉपिस प्रोसेरा, जिला इथले लोक आक किंवा अकौआ म्हणतात. हिची कळी गोल, वाटाण्यासारखी. फूल लहान, पाकळ्या उभ्या, सगळं मिळून एखादी वाटी. बाहेरून पांढरं, आत प्रत्येक पाकळीच्या टोकाला गडद जांभळा डाग, जणू टोक शाईत बुडवलंय. वासही मंद येतो. ही कोरड्या मुलखाची. राजस्थान, सिंध, अरबस्तान, आफ्रिका अशी तिची वस्ती. आमच्या मे महिन्याच्या लूमध्ये बाकी सगळं करपतं, ही हिरवी राहते.

या पांढरेपणामुळे इथे एक चूक फार होते. देवळाबाहेर "सफेद आक" म्हणून मूळ विकायला येतं, गणपती करायला, आणि लोक श्रद्धेने घेतात. पण जिला आपण पांढरा मांदार म्हणतो ती सहसा तुझ्याकडच्या रुईचीच पांढऱ्या फुलांची जात. तिच्यात जांभळ्याचा ठिपकासुद्धा नसतो. टोकाला डाग दिसला की ती प्रोसेरा. मी हे दोन-तीन ओळखीच्यांना फूल दाखवून समजावलं. मूळ घेणाऱ्याला निदान काय घेतोय ते तरी कळावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या रविवारी उरवाईच्या बाजूने किल्ला चढले. दगडांच्या ढिगाऱ्यात, भिंतीच्या फटीत, जिथे मूठभर माती तिथे रुई, आणि सगळी फुलांवर. एका झाडापाशी मी तासभर बसले असेन. मोठे काळे भुंगे येत होते. फुलाच्या मधोमध जो पंचकोनी खांब असतो त्याला पाच बारीक फटी असतात आणि प्रत्येक फटीच्या डोक्यावर एक काळा ठिपका. भुंगा मधासाठी धडपडतो, त्याचा पाय फटीत सरकतो आणि वर खेचताना तो ठिपका पायाला चिमट्यासारखा घट्ट बसतो. त्याच्याबरोबर परागांच्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर येतात, एक इकडे, एक तिकडे. हुबेहूब कावड! भुंगा ती घेऊन दुसऱ्या फुलावर जातो, तिथल्या फटीत पिशवी अडकते, आणि तेव्हाच फळ धरतं. इतकं बरोबर जुळून यावं लागतं, म्हणूनच झुबक्यात ढीगभर फुलं असून फळं मोजकी.

हे तू स्वतः करून बघ. शिवणाची बारीक सुई घे, फटीत खालून घाल, ठिपक्याच्या दिशेने हलकेच वर ओढ. दहापट दाखवणारं भिंग असेल तर उत्तमच. पहिल्यांदा सुईच्या टोकावर कावड आली तेव्हा मी उन्हात उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत होते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८१० साली या झाडांचं वेगळं कूळ मांडलं. आणि १८३१ मध्ये ऑर्किड आणि रुईच्या कुळात परागीभवन कसं होतं ते तपासतानाच पेशीतल्या केंद्रकाला "न्यूक्लियस" हे नाव दिलं. आता ते कूळ कण्हेर-चाफ्याच्या मोठ्या कुळात सामावलंय, पण कावडीची खूण कायम आहे. चीक वडालाही येतो आणि शेरालाही. नुसत्या चिकावर जाऊ नकोस, कावड शोध.

चिकाचं मात्र गंभीरपणे सांगते. चार वर्षांपूर्वी मी कळी खुडली आणि तोच हात डोळ्याला लागला. काही दुखलं नाही, म्हणून दुर्लक्ष केलं. संध्याकाळी दिव्यांभोवती धुकं दिसायला लागलं. दुखत नाही हाच त्यातला धोका. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला सूज येत असते आणि आपल्याला पत्ता नसतो. औषधाचे थेंब घालून नजर पूर्ण साफ व्हायला आठवड्याहून जास्त लागला. तेव्हा चीक लागलाच तर डोळा लगेच भरपूर पाण्याने धू आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नातवंडं बरोबर असतील तर पानं तूच उलटव.

उलटव मात्र नक्की. खालच्या बाजूला प्लेन टायगर फुलपाखराचं एकेकटं पांढुरकं अंडं सापडेल. अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, अंगावर काळ्या शेपट्यांच्या तीन जोड्या. पिवळाधमक मावाही असतोच, कोवळ्या शेंड्यावर. इथे निळा-पिवळा मोठा टोळ दिसतो, तो हातात धरू नये, चिळकांडी सोडतो.

रुईच्या नातलगांपैकी उतरण तुला कुंपणावर मिळेल. बदामाच्या आकाराची पानं, चुरगळली की उग्र वास, हिरवट-पांढरी लोंबती फुलं आणि मऊ काट्यांच्या जोडशेंगा. दुधाणी मला तिघरा धरणाच्या बाजूला कालव्याकाठी भेटली. नाजूक वेल, अरुंद लांब पानं, बशीसारखं पांढरं-गुलाबी फूल, आत जांभळ्या रेषा. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते सुंदर होतं. ओलसर जागी हळदकुंकू दिसतं का बघ. लाल पाकळ्या खाली झुकलेल्या, वर पिवळा मुकुट. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं. मेक्सिकोपर्यंत उडत जाणाऱ्या मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या तिकडे याच्याच भाऊबंदांवर वाढतात.

इथे आता फळं फुगलीत, कच्च्या आंब्याएवढी आणि दाबली तर पोकळ. एक तडकलेलं उघडून पाहिलं. तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या, प्रत्येकीला रेशमी केस. वारा आला आणि पहिली म्हातारी सुटली. अंगणात आपण ज्यांच्यामागे धावायचो, त्यांतल्या कितीतरी इथूनच येत असणार.

तुझ्याकडे फळ धरलं की त्याचा फोटो पाठव, जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. प्रोसेराचं वाळलेलं फळ मी खोक्यात घालून कुरिअरने पाठवतेय. ते बंद खोलीत उघड, बिया तिकडच्या मातीत जाऊ देऊ नकोस.

तुझी,
विजू