बाई, तुम्ही त्याला विचारलंत, "राग कुठे आलाय?"

आदरणीय बाईंना,
हर्णैहून सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. स्वतः केलेलं तुम्ही कधी कुणाला सांगणार नाही. नाव तेवढं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा माझा भाचा बालवाडीच्या वयाचा होता. घराचे पत्रे उडताना त्याने पाहिले. तेव्हापासून वारा वाढला की त्याचा चेहराच बदलतो, आणि कुणी नुसता धक्का मारला तरी तो अंगावर धावून जातो. बाप खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे घरात उधारी आणि रोजची भांडणं. त्या दिवसांत पोर जास्तच बिथरतं. वादळानंतर ताडपत्र्या आल्या, बिस्किटं आली, वाटतानाचे फोटोही निघाले. पोरांना कसली भीती बसलीय, हे एकानेही विचारलं नाही.

आधीच्या शाळेत तर त्याच्या वाट्याला वर्गाबाहेर उभं राहणं आलं, छडी आली, आणि वर "कोळ्यांच्या पोरांचं डोकंच गरम" हा शेरा. मुलाला मारायचं नाही, त्याचा मानसिक छळ करायचा नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ ला स्पष्ट लिहिलंय. शिकवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असून मारलं, याचा संताप अजून जात नाही.

तुमच्या संध्याकाळच्या वर्गात त्याने कॅरमचा बोर्ड उलटा केला, तो दिवस. मासळीच्या लिलावावरून परतताना मी त्याला न्यायला आले होते, पाटी हातातच होती. दारातूनच बघितलं, सोंगट्या सगळीकडे उधळलेल्या, बाकीची पोरं भिंतीला चिकटलेली. आता बाई ओरडणार, असंच मला वाटलं. तुम्ही साडी सावरून त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली जमिनीवर बसलात. हात धरला नाहीत, "माफी माग" म्हणाला नाहीत. विचारलंत, "राग कुठे आलाय रे? पोटात, छातीत, की हातात?"

तो कितीतरी वेळ बोलला नाही. मग स्वतःच्या आवळलेल्या मुठींकडे बघून म्हणाला, "हातात. आणि इथे," आणि गळ्याला बोट लावलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. मी इथेच बसलेय." आणि खरंच बसलात, मुठी सुटेपर्यंत. सोंगट्या त्याने नंतर आपणहून गोळा केल्या.

बाई, या पोराला राग का आला, कशाला आला, हे सगळ्यांनी दरडावून विचारलं होतं. कुठे आला, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या प्रश्नाला त्याला उत्तर देता आलं.

श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधड उतरते, आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग विशी ओलांडेपर्यंत वाढतच असतो, हे तुम्ही मला पायरीवर बसून समजावलंत. माझ्या बहिणीसाठी टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वहीच्या मागे लिहून दिलात, "फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लावा" म्हणालात. तिने लावला. त्याबद्दल वेगळे आभार.

तो अजून भांडतो. पण परवा बापाचा आवाज चढल्यावर मला म्हणाला, "मावशी, गळ्याशी आलंय, मी बंदरावर जाऊन येतो." गेला, आणि परत येऊन जेवला. आमच्या घरासाठी ही केवढी गोष्ट आहे, ते तुम्हालाच कळेल.

भली माणसं जगात कमी नाहीत, असं आई म्हणायची. मला ते पटायचं नाही. आता पटतं, कारण पगार नाही, सत्कार नाही, तरी भर पावसात छत्री घेऊन तुम्ही वाडीतल्या पोरांसाठी येता.

गणपतीला आमच्याकडे जेवायला यायचं. मोदक बहीण करतेय आणि बोलवायला तो स्वतः येणार आहे, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
त्याची मावशी