डॉक्टरसाहेब, त्या रात्री तुम्ही बाकावर बसून बोललात

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे रोज कितीतरी पेशंट येतात, म्हणून आधी ओळख देते. कुंभार्ली घाटात मोटरसायकल घसरून ज्याच्या पोटात हँडल बसलं, त्या मुलाची मी आई.

अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. पहिल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तुम्ही मात्र डावा खांदा दुखतोय एवढं ऐकलंत आणि आधी पोटाची सोनोग्राफी करायला लावलीत. खांद्याला मार नव्हताच. फाटलेल्या प्लीहेचं, म्हणजे पोटातल्या डाव्या बाजूच्या पाणथरीचं, रक्त छातीखालच्या पडद्याशी साचलं की खांदा दुखतो, हे मला तेव्हा कळलं.

सीटी स्कॅननंतरही तुम्ही घाई केली नाहीत. पुष्कळदा प्लीहा आपली आपण भरून येते, म्हणालात. पण दुसऱ्या संध्याकाळी हिमोग्लोबिन 11 वरून 7.5 वर आलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्यावर बीपी सावरलं, तेव्हा तुम्ही बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसलात. सीटीच्या पाकिटामागे पेनाने बरगड्या काढल्यात, त्यांच्याखाली मुठीएवढी प्लीहा. "काकू, बीपी टिकलंय म्हणून दुर्बिणीने करतोय. रक्त आवरलं नाही तर त्याच क्षणी पोट उघडेन. तेव्हा घाबरायचं नाही." त्या एका बोलण्याने मला धीर आला. तुमचा जीव दुर्बिणीत नाही, माझ्या पोरात आहे, हे दिसलं. ते पाकीट मी कपाटात जपून ठेवलंय.

प्लीहा वाचली नाही, मुलगा वाचला. पोटावर चार छोट्या पट्ट्या. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून तो व्हरांड्यात चालला. आमच्या भावकीत एकाचं हेच ऑपरेशन पूर्वी पोट उघडून झालं होतं. छातीखालपासून बेंबीच्या खालपर्यंत व्रण आहे त्याला.

भूल देणाऱ्या मॅडमना आणि ज्यांचं रक्त त्याला चढलं त्या दोन अनोळखी माणसांनाही माझा नमस्कार सांगा. सांगता येणार नाही, ठाऊक आहे, तरी लिहिते.

प्लीहा नसली की जंतुसंसर्ग लवकर बळावतो, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी झाल्या. कार्ड त्याच्या पाकिटात असतं. ताप आला तर घरी थांबायचं नाही, हे घरातल्या लहानग्यांनाही पाठ आहे.

नवा तांदूळ आला की घेऊन येते. नाही म्हणू नका.

आपली ऋणी,
एक आई