बुलेट घेण्याआधी हे वाच

पुणे,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

"रॉयल एनफिल्डची क्लासिक घेऊ की हिमालयन?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" म्हणालो, त्याला कारण आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय मला तुला नको म्हणायचंय, आणि तोंडावर नको म्हटलं की तू हट्टाला पेटतोस हे कराडच्या दिवसांपासून ठाऊक आहे. म्हणून हा कागद.

तर, माझं मत: दोन्ही नकोत. गाड्या उत्तम आहेत. पण तू शेवटची मोटरसायकल चालवलीस ती यामाहाची आरएक्स १००. त्यानंतर वहिनींची स्कूटर, मग चारचाकी, मग कंपनीची चारचाकी. त्या आरएक्सचं वजन शंभर-एकशेपाच किलोच्या आत-बाहेर होतं. होस्टेलच्या पडवीत तू ती मागून उचलून जागच्या जागी फिरवायचास. क्लासिक ३५० भरते १९५ किलो, हिमालयन ४५० त्याहून किलोभर जास्तच. म्हणजे गाडी जवळपास दुप्पट झाली, आणि मधल्या काळात तुझा उजवा गुडघा आणि कंबर यांचं काय झालं ते तुझ्या डॉक्टरलाच विचार.

चालत्या गाडीचं वजन कळत नाही, हे तुला शोरूमवाला सांगेल, आणि ते खरंही आहे. वीसच्या वर वेग गेला की १९५ किलोचीही गाडी लोण्यासारखी वळते. वजन कळतं ते पहिल्या आणि शेवटच्या पन्नास फुटांत. तुमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात, बाहेर यायला उतार चढून यावं लागतं, आणि तुझ्या जागेपुढे शेजाऱ्याची मोठी गाडी तिरकी उभी असते. तिथे इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून, पायांनी ढकलत गाडी मागे घ्यावी लागते. ज्याला हे रोज सकाळी जड जातं तो माणूस दोन महिन्यांनी गाडी काढतच नाही. मी अशा तीन-चार चकचकीत बुलेट आमच्याच इमारतीत कव्हरखाली बघतो. मालक म्हणतात वेळ मिळत नाही. वेळ आहे रे, पण ती बाहेर काढायचा कंटाळा आहे.

म्हणून शोरूममध्ये गेलास की चावी मागायच्या आधी इंजिन बंद असलेल्या गाडीवर बस. बूट घालून जा, चपला नकोत. दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का बघ. मग गाडी दहा पावलं मागे ने, हँडल पूर्ण वळवून पुन्हा पुढे आण. उतरून डबल स्टँडवर घे. हे सगळं झाल्यावर धाप लागली असेल तर इंजिनाचा आवाज ऐकूच नकोस, कारण एकदा ऐकलास की तुझं डोकं चालणार नाही.

सीटच्या उंचीचं थोडं समजून घे. माहितीपत्रकात क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर, हिमालयनची ८२५ लिहिलेली असते. पण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तीच उंची इंचभर जास्त वाटते. अरुंद सीटवर कमी वाटते. तुझी उंची पाच फूट पाच इंच. हिमालयनवर तू चवड्यांवर उभा राहशील. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण आपल्याकडे सपाट रस्ता कुठे आहे? सिग्नलला पाय टेकवायला गेलास आणि तिथे पेव्हर ब्लॉक खचलेला असला की १९६ किलो त्या बाजूला जातात, आणि तू काय ते आता थोपवणार नाहीस. लडाखचं म्हणत असशील तर लेहमध्ये हीच गाडी भाड्याने मिळते. पंधरा दिवसांच्या स्वप्नासाठी बारा महिने उंच गाडी सांभाळू नकोस.

आता ताकदीचं. तू म्हणालास, "घ्यायचीच तर चाळीस हॉर्सपॉवरची घेऊ, पुन्हा पुन्हा थोडीच घेणार." मला सांग, ती कुठे वापरशील? मुंबई-पुणे द्रुतगतीवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी, मुंबईच्या कोस्टल रोडवरही बंदी. सरकारने जे जे गुळगुळीत रस्ते बांधले तिथून आपल्याला हाकललंय. आपल्या वाट्याला येतो तो जुना खंडाळा घाट, ताम्हिणी, पसरणी, वरंध, आणि ट्रकांच्या रांगांनी भरलेला कोल्हापूर रस्ता. घाटात आकडा महत्त्वाचा नसतो, कमी फेऱ्यांवर इंजिन किती ओढतं ते महत्त्वाचं असतं. एनफिल्डचं ३५०चं इंजिन वीसच हॉर्सपॉवरचं, पण त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, लांब आहे: ७२ मिमी बोअरला (म्हणजे सिलिंडरच्या व्यासाला) ८५.८ मिमी स्ट्रोक. त्यामुळे २७ न्यूटन-मीटरचा जोर मिनिटाला चार हजार फेऱ्यांवरच मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये कुंभार्ली चढशील आणि गिअर बदलायची आठवणही होणार नाही. ट्रायम्फ स्पीड ४००चं उलटं आहे: बोअर ८९, स्ट्रोक ६४. जोर जास्त, साडेसदतीस, पण तो पूर्ण हाती यायला साडेसहा हजारांपर्यंत पिळावी लागते. आरएक्स पिळायची सवय असलेल्या माणसाला ही दुसरी जात जास्त ओळखीची वाटेल, हे कबूल. तरी खरा प्रश्न तू नव्वदच्या वर किती वेळ जाणार हा आहे. माझा अनुभव विचारशील तर फार थोडा वेळ. पंच्याऐंशीला आजूबाजूचं दिसतं, त्याच्या वर फक्त रस्ता दिसतो.

पैशाचं एक गणित सप्टेंबर २०२५पासून बदललंय, ते लक्षात घे. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५०च्या वरच्यांवर तो ४० झाला. एनफिल्ड ३४९ची, होंडाची सीबी ३४८ची. या खालच्या बाजूला राहिल्या. ट्रायम्फचे ३९८ आणि हिमालयनचे ४५२ सीसी पलीकडे गेले. विम्यातही हीच रेघ आहे. थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५०च्या वर २,८०४, आणि नव्या गाडीला तो एकदम पाच वर्षांचा भरावा लागतो. एकट्या विम्याने कुणी भिकेला लागत नाही, पण तू दोन गाड्यांमध्ये अडकलास तर ही रेघ उपयोगी पडेल.

मग घ्यायची कोणती? मी जी चालवतो ती होंडा हायनेस सीबी ३५०, आणि माझी आहे म्हणून तुला सांगणार नाही. १८१ किलो, सीट ८०० मिमी, टाकी पंधरा लिटरची. क्लच इतका हलका की हिंजवडीच्या गर्दीतसुद्धा डाव्या मनगटाची तक्रार नाही, आणि पन्नाशीत मनगट ही बाब आहे, हसू नकोस. थंपिंग बिंपिंग आवाज आहे पण एनफिल्डइतका नाही, आणि शेजारी येऊन उभं राहून गाडीला निरखणारे लोक नाहीत. तुला ते लोक हवे असतात, मला माहीत आहे.

एनफिल्डचीच मिटिऑर बघायला तुला मोह होईल, कारण सीट ७६५वर आहे, तुझे पाय आरामात टेकतील. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून तू प्रेमात पडशील. पण पाय पुढे ठेवून बसायची ती गाडी आहे. पाय पुढे असले की गतिरोधकावर फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठता येत नाही, सगळा दणका सरळ माकडहाडावर येतो. तुझी कंबरेच्या मणक्यांची, एल-फोर एल-फाइव्हची भानगड नसती तर मीच तुला मिटिऑर म्हणालो असतो. आता नाही. गुडघ्याला बरी ती कंबरेला वाईट, ही आपल्या वयाची अडचण आहे, आणि कुठलाही यूट्यूबवाला पोरगा तुला ती सांगणार नाही, कारण त्याला अजून कंबर आहे हे कळलेलंच नाही.

एनफिल्डचीच हंटर ३५० मात्र नीट बघ. इंजिन क्लासिकचंच, पण गाडी १८१ किलोची, चाकं सतरा इंची, वळायला चपळ. २०२५च्या नव्या हंटरला मागची स्प्रिंग बदलली आहे आणि क्लचही हलका केलाय. अलॉय चाकं म्हणजे टायर ट्यूबलेस. क्लासिकच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. पंक्चर झाल्यावर हा फरक फार मोठा होतो. ट्यूबवाल्याला चाक सोडावं लागतं, ट्यूबलेसला तू स्वतः रस्त्याकडेला रबराची वात खोचून पंधरा मिनिटांत मोकळा होतोस. ताम्हिणीत पंक्चरवाला नाही.

आणि ट्रायम्फ. मनातून तू तीच घेशील अशी मला शंका आहे. चाकणला बजाज बनवते, वजन १८०च्या आत, ब्रेक सुंदर, सोळा हजार किलोमीटरला एकदा मोठी सर्व्हिस. गाडीत खोट नाही. पण वहिनी मागे बसणार असतील तर आधी त्यांना मागे बसवून बघ, त्यांचा निकाल माझ्यापेक्षा महत्त्वाचा. सारी गार्ड आणि मागच्याला धरायला कडी कायद्यानेच द्यावी लागते. पोरं ती दुसऱ्या दिवशी काढून टाकतात, तू काढू नकोस.

येझदीबद्दल तू काही बोलला नाहीस, पण तात्यांची येझदी माझ्या डोळ्यांसमोर आहे. डावीकडे किकचा आणि गिअरचा दांडा एकच, आणि तात्या ती चालू करताना देवाचं नाव घ्यायचे. नवी येझदी चारस्ट्रोक आहे, पाण्याने थंड होणारी, ३३४ सीसीची. तिच्यात तो निळा धूर नाही आणि ती टिंग टिंगही नाही. नाव बघून घेऊ नकोस, चालवून आवडली तर घे.

कोणतीही घे, दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घे. आपण ड्रम ब्रेकवर शिकलो. पुढचा ब्रेक दाबला की पडतो, ही भीती बोटांत बसलेली आहे. आता उलट आहे: थांबवायचं काम बहुतेक पुढचाच ब्रेक करतो, आणि एबीएस चाक अडकू देत नाही. जोरात दाबलास की लिव्हर बोटांखाली थरथरते. पहिल्यांदा माणूस दचकून ब्रेक सोडतो, आणि तेच करायचं नसतं. म्हणून पहिले दोन-तीन रविवार एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर जा. चाळीसच्या वेगाने येऊन कचकन थांब, पुन्हा पुन्हा, थरथर ओळखीची होईपर्यंत. मग हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांवर गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वळवत राहा. वीस वर्षांनी परत येणाऱ्याचे हात वेगात नाही, सावकाश चालताना चुकतात. आणि टूस्ट्रोकची सवय मोड: आरएक्सला थ्रॉटल सोडलं तरी ती पळतच राहायची, या गाड्या इंजिनानेच बऱ्यापैकी आवळतात. घाट उतरताना हे वरदान आहे. त्यांना किकही नसते, हेही ऐकून ठेव. महिनाभर उभी ठेवलीस तर बॅटरी उतरेल आणि पाय मारून काही होणार नाही.

सगळ्यात आधी मात्र तुझा परवाना काढून बघ. आपण काढला तेव्हा तो वीस वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालायचा. मध्ये एकदा नूतनीकरण केलं असशीलच, पण पन्नाशी तुला गेल्या वर्षी लागली. मुदत संपून वर्ष उलटलं की नुसता अर्ज पुरत नाही, नव्याने चाचणी द्यावी लागते. डॉक्टरचा नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय दाखला लागतो, तो आपल्या वयाला लागतोच. आणि परवान्यावर 'गिअरसह मोटरसायकल' लिहिलंय ना, तेही वाच. विमा कंपनी अपघातानंतर आधी तेच वाचते.

पैसे ठरवताना वीस-पंचवीस हजार अंगावरच्या सामानाला बाजूला ठेव. आयएसआयचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट, डोक्यावर घट्ट बसणारं, चष्म्यासकट घालून बघितलेलं. तुझा चष्मा दुहेरी नंबरचा, बायफोकल आहे, खालच्या काचेतून स्पीडोमीटर नीट दिसतो का तेही त्याच वेळी बघ. जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. हेल्मेटला शोभेची चार स्टिकर लावून देतो म्हणाले तर नको म्हण.

तर माझा क्रम असा: हंटर आणि होंडा आधी चालवून बघ, ट्रायम्फ तिसरी, क्लासिक सगळ्यांत शेवटी आणि तीही तळघरातून स्वतः वर काढता आली तरच. शोरूमची चाचणी दीड किलोमीटरची असते, त्यात काही कळत नाही. डिसेंबरात तुम्ही गोव्याला जाताय ना? तिथे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या नंबराची क्लासिक भाड्याने घे, वहिनींना मागे बसव आणि दोन दिवस चालव. तिसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते मला फोनवर सांग. तेव्हा मी मध्ये बोलणार नाही.

वहिनींना नमस्कार, तात्यांना साष्टांग. तात्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस, येझदीवरून ते माझ्याशी भांडतील.

तुझा,
मिलिंद