'गॉड'चे मूळ 'हुत' की 'हूत'?

मा. संपादक,
स.न.

इंग्रजी 'गॉड' हा शब्द 'गुड'पासून आला, तो आपल्या 'गूढ'चा किंवा फारसी 'खुदा'चा भाऊबंद आहे, असे छातीठोकपणे लिहिलेले अधूनमधून वाचायला मिळते. तिन्ही व्युत्पत्ती चुकीच्या आहेत. संस्कृतशी नाते आहे, पण वेगळ्याच वाटेने: 'हुत' किंवा 'हूत' या शब्दाशी.

इंग्रजी गॉड, जर्मन गॉट, गॉथिक गुथ यांच्या तुलनेतून आद्य जर्मानिक (या भाषांची समान पूर्वज भाषा) *गुदं हे नपुंसकलिंगी रूप मांडतात. त्याच्या आधीची चांदणी (*) सांगते की हे रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, ते ध्वनिनियमांवरून बांधलेले आहे. जर्मानिक 'ग'च्या जागी संस्कृतात पुष्कळदा 'ह' असतो; जर्मन 'गान्स' आणि आपला 'हंस' मुळात एकच. मधला 'द' मात्र अडतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ग्रिमच्या १८२२ मधील ध्वनिनियमाने मूळ 'त'चा 'थ' व्हायला हवा. जुन्या इंग्रजीत भाऊ 'ब्रोथोर' आहे, पण वडील 'फॅडर'! असे का, याचा उलगडा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने १८७० च्या दशकात वैदिक स्वरांवरून केला: 'भ्रातृ'मध्ये उदात्त (उंच स्वर) पहिल्या अक्षरावर, 'पितृ'मध्ये शेवटच्या; 'त'च्या लगेच आधी उदात्त नसेल, तर 'थ'ऐवजी 'द' होतो. 'हुत'चा उदात्तही शेवटीच. म्हणून 'द'.

आता 'हु' धातूचे 'हुत' (ओतलेले, आहुती दिलेले) की 'ह्वे'चे 'हूत' (ज्याला हाक मारली तो)? इंद्राला 'पुरुहूत' म्हणतात, त्यामुळे दुसरा पर्याय मोहक वाटतो आणि अनेक कोश तोच देतात. पण त्यातला 'ऊ' दीर्घ आहे, जर्मानिक रूपातला ऱ्हस्व. हा ऱ्हस्व उकार समजावण्यासाठी आणखी एक नियम गृहीत धरावा लागतो. 'हुत'ला ती गरज नाही. ग्रीक 'खुतोस' (ओतलेला) हाही ऱ्हस्वच. माझा कौल 'हुत'ला.

'गुड'च्या आद्य रूपात दीर्घ 'ओ' आहे, त्याचा या 'उ'शी मेळ बसत नाही. 'खुदा'चा 'ख' जुन्या 'ख्व'चा, म्हणजे संस्कृत 'स्व'चा जोडीदार (ख्वाब–स्वप्न). 'गूढ'मधला 'ढ' तर 'गुह्'ला 'त' लागून संस्कृतातच झाला.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. बिशप वुल्फिलाने चौथ्या शतकात केलेल्या गॉथिक बायबलमध्ये ख्रिस्ती ईश्वरासाठी 'गुथ' पुल्लिंगी चालतो, पण रूप नपुंसकलिंगीच राहते. आणि इतरांच्या देवांसाठी येणारे अनेकवचन 'गुदा' तर उघडच नपुंसकलिंगी आहे.

– भाषाशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे