नडगीवरची एक जागा

प्रिय दोस्ता,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. आधी कामाचं निमित्त होतं, मग लिहायचीच लाज वाटायला लागली. आज बसलोय, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. माझी नडगी धरलीय.

बाकी तब्येत ठणठणीत. आईचे गुडघेही बरे.

सुरुवातीला नडगीच्या आतल्या कडेने वीतभर भाग ठणकायचा. धावायला निघताना दुखायचं, अंग तापलं की थांबायचं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांत आठवड्याचं अंतर २० किलोमीटरवरून ३८ वर नेलं. दम टिकत होता, तेव्हा पायही टिकतील असं धरून चाललो. काल फिजिओने नीट समजावलं. ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवं भरतं. पोखरणं झपाट्याने होतं, भरणं मागे पडतं. हाड कच्चं असतं त्या दिवसांतच मी जोर वाढवत होतो.

आता ते वीतभर दुखणं एका जागी गोळा झालंय, आणि त्याचीच मला धास्ती आहे. रात्री दिवा लावून अंगठ्याने घोट्यापासून वर हाडाची कड दाबत जातो. काही नाही, काही नाही, आणि बोटाच्या पेराएवढ्या एका जागी अशी कळ येते की पाय आपोआप आखडतो. त्या पायावर लंगडी घालवत नाही. एक्स-रे स्वच्छ आलाय, पण सुरुवातीच्या आठवड्यांत बारीक चीर त्यात बरेचदा दिसत नाही म्हणे. परवा एमआरआय. चीर निघाली तर निदान सहा ते आठ आठवडे धावणं बंद.

आणि सारखा तू आठवतोस. त्या सकाळी तू नडगी धरून कडेला बसलास आणि मी म्हणालो, ‘नाटकं पुरे, ऊठ.’ पुढे महिनाभर आपण बोललो नाही. तू खरं सांगत होतास रे. चुकलं माझं. (माझी दुर्बीण मात्र तुझ्याकडेच आहे, ते भांडण मी सोडलेलं नाही!)

नवी नोकरी कशी आहे? बाळ रांगायला लागलं का? वहिनींना नमस्कार.

पण आधी हे लिही: तुझंही असंच एका जागी दुखायचं का? आणि परत धावायला लागलास तेव्हा नडगीकडे लक्ष जायचं कधी थांबलं?

तुझाच