विनोदी प्रहसनातील तृतीयपंथी उमेदवाराच्या विटंबनेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय/महोदया,

मी आपल्या मनोरंजन ॲपची वार्षिक वर्गणी भरणारी ग्राहक आहे. आपल्या विनोदी कार्यक्रमाच्या नव्या भागात सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला आलेल्या एका तृतीयपंथी उमेदवाराचे प्रहसन आहे. ती टाळी वाजवत आत येते, साहेब टेबलाखाली लपतात, मग तिच्या शरीराविषयी नको ते प्रश्न विचारले जातात आणि शेवटी शिपाई पदर ओढून तिला बाहेर काढतो. प्रत्येक वाक्यामागे ध्वनिमुद्रित हशा जोडलेला आहे.

पुरुष कलाकाराने साडी नेसून हसवण्याला माझी हरकत नाही. तमाशातल्या गवळणीत मावशीचे काम पुरुषच करत आले. मात्र तिथे मावशी कृष्णाची आणि पेंद्याची फिरकी घेते आणि प्रेक्षक तिच्या हजरजबाबीपणावर खूश होतात. आपल्या उमेदवाराला लेखकाने एकही चुरचुरीत वाक्य दिलेले नाही. तिचा आवाज, तिची चाल आणि तिचे असणे एवढ्यावरच सगळे हसू उभे केले आहे. (घाबरट साहेबावर किती हसता आले असते, हे लेखकाला सुचू नये याचे नवल वाटते.)

त्यातही प्रसंग नोकरीचा निवडला, हे मला अधिक खटकले. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१९ च्या कायद्याने नोकरभरतीत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली, २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने त्यांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले आणि त्याच वर्षी पोलीस भरतीत अर्ज करता यावा म्हणून त्यांना मुंबई उच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले. इतक्या खटपटीने जे दार किलकिले झाले, त्याच दारातून उमेदवाराला हाकलणे ही आपल्या प्रहसनातली सर्वांत मोठी गंमत आहे. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळाचाही उल्लेख आहे. हे प्रहसन त्यात बसते की नाही हे ठरवणे माझे काम नाही, पण आपल्या विधी विभागाने ते कलम एकदा वाचावे.

आपल्या मदत केंद्राने मला ‘आवडले नाही तर पाहू नका’ असे उत्तर दिले. मी ॲप बंद करू शकते. परंतु पदर ओढण्याचा तेवढाच तुकडा आपण जाहिरात म्हणून सर्वत्र फिरवला आहे, आणि रेल्वेच्या डब्यात वा कामाच्या ठिकाणी तेच संवाद जिच्या अंगावर फेकले जातील तिला ते बंद करण्याची सोय नाही.

संपूर्ण कार्यक्रमावर बंदी घालावी किंवा कलाकारांवर कारवाई करावी, अशी माझी मागणी नाही. हे प्रहसन त्या भागातून वगळावे, जाहिरातीचा तुकडा तातडीने मागे घ्यावा आणि यापुढे अशी संहिता चित्रीकरणापूर्वी तृतीयपंथी कलाकारांना किंवा लेखकांना योग्य मानधन देऊन वाचायला द्यावी. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार या तक्रारीवरील निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा.

आपली,
एक वर्गणीदार