डोकं दुखतंय? आधी बीपी मोजा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा तापला की आमच्या यावल-रावेर भागात गरोदर बाया कपाळाला फडकं बांधून कामं ओढताना दिसतात. सकाळपासून पोटात नीट काही नाही, पाणी जेमतेम, डोकं दुखणारच. थोडं खाणं, लिंबूपाणी आणि तासभर पडणं एवढ्यानं ते बहुतेकींचं उतरतंही. पण पोराला किराणा दुकानात पिटाळून सुटी गोळी आणली जाते. तिच्यात काय आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

गरोदरपणी साधी पॅरासिटामॉल चालते, डॉक्टरांना विचारून आणि लागेल तेवढीच. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक टाळावं. २० आठवड्यांनंतर तर त्यानं बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र पॅरासिटामॉल आणि आयब्रुफेन दोन्ही चालतात. गोळी घेतली म्हणून बाळाला दिवसभर वरचं दूध देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याची काहीच गरज नसते.

खरी भीती वेगळीच आहे. पाचव्या महिन्यानंतर डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड-हात सुजलेत, बरगडीखाली दुखतंय, तर गोळी देऊन झोपवू नका, त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त भरलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. पुढे झटके येऊ शकतात. बीपी ठीक निघालं तरी डोकं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. हा धोका बाळंतपणानंतरही सहा आठवडे राहतो.

आणि बाळंतिणीचं पाणी तोडणं आता तरी थांबवा. भर मे महिन्यात, बंद खोलीत, खाटेखाली शेगडी, आणि पाणी मागितलं की "पोट सुटेल" म्हणून अर्धा पेला! पाण्यानं पोट सुटत नाही. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे शरीराचा कल असतोच. त्यात अंगातलं पाणी आटलं तर मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी, उलट्या, मग झटके, अशी ती सुरू होते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, ती चांगलीच आहे. पण बाळंतपणानंतर आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्या मुख्यतः बाळासाठी. त्याच भेटीत आईचंही बीपी मोजलं जावं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदांनी प्रत्येक आशाताईच्या पिशवीत बीपीचं यंत्र द्यावं आणि ते वापरायला शिकवावं, ही कळकळीची विनंती.

एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. यावल, जि. जळगाव